पितळी लेन्स

धनज, मार्च १९७४

शालिग्रामदादा,

या खेपेले तुले नमस्कार लिहाची इच्छा नाही.

काल रिठदचे पाहुणे मले पाहाले आले. तू मंगरूळपीरच्या तुह्या स्टुडिओत काढलेला माहा फोटो पोराच्या आत्यानं पिशवीतून काढला, माह्या तोंडाजवळ धरला अन् आईले विचारलं, "पोरगी हेच व्हय काय?" तू घाईघाईनं म्हणाला, "घरात उजेड कमी हाय, आत्याबाई." भरदुपारी, दादा! दार सताड उघडं होतं.

साऱ्या तालुक्याचे फोटो तू नव्या जपानी कॅमेऱ्यानं काढतं. माह्यासाठीच जुन्या पेटीच्या कॅमेऱ्याची पितळी लेन्स काढली, ते बसवाले अकोल्याले लेथवर पितळी कडी कातून आणली अन् ते लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवली. मले वाटलं, दादा बहिणीसाठी किती खपून राह्यला! पाहुणे गेल्यावर तू आईले सांगत होता का त्या लेन्सनं देवीचे वण दिसत नाहीत, चेहरा सायीवानी येते. मी चुलीपाशीच बसली होती.

रिठदवाल्यायनं तर मले पहिल्यांदाच पाह्यलं. पण मले देवी आल्या, तवा उशाशी बसून कडुनिंबाच्या डहाळीनं वारा तूच घालत होता. मंग माह्या तोंडाची लाज तुले कवापासून वाटाले लागली?

हे पत्र मी टाकणार नाही. तू येशीन तवा च्या करून देईन अन् एवढंच म्हणीन: तेवढा स्टुडिओच्या काचेत लावलेला माहा फोटो काढून टाक.

तुह्या फोटोत नसलेली,
कस्तुरा