रोमच्या भुयारातील चाळीस मिनिटांच्या मौनाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, डॉ. चंद्रशेखर सोमण,
सहस्नेह मराठी मंडळ,
ट्रॉय, मिशिगन.

विषय : 'प्राचीन ख्रिस्ती स्थळदर्शन' सहलीच्या मार्गदर्शकपदावरून अर्जदारास दूर करण्याच्या इशाऱ्याबद्दल, तसेच तिच्या आवाजाची कॅसेट मागितल्याबद्दल.

संदर्भ : आपले दि. ४ जानेवारी १९८७ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार सुनेत्रा खानोलकर ही मंडळाची आठ वर्षांची सभासद असून एका संग्रहालयाच्या प्राचीन ख्रिस्ती दालनात लोकांना माहिती सांगण्याचे काम हौसेने करते. त्या भरवशावर समितीनेच गेल्या मे महिन्यात बावीस सभासदांची रोमची, तिथल्या ख्रिस्ती दफनभुयारांची सहल तिच्या हाती दिली. ती मागायला गेली नव्हती.

२. अर्जदाराचा रोजचा नेम आहे : सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मौन. मुलगी वसुधा हिच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी धरलेल्या या नेमाला तेरा वर्षे झाली, एक दिवस खंड नाही. चिटणीस श्री. गिरीश यांना हे लेखी कळवले होते. ते म्हणाले, "काकू, नो प्रॉब्लेम, भुयारं अकराला ठेवलीत." पुढे दुपारी शॉपिंगला वेळ मिळावा म्हणून त्यांनीच ती नवाला आणली आणि अर्जदारास बसमध्ये बसल्यावर सांगितले. तिने हरकत घ्यावी कशी? बोलण्याची वेळ व्हायची होती.

३. तक्रारदार श्री. श्रीराम गद्रे लिहितात, "गाईडबाईंनी चाळीस मिनिटं तोंडातून ब्र काढला नाही." खरे आहे. तिथला वाटाड्या पुढे चालला होता, त्याचे इंग्रजी कुणाला उमगेना. अर्जदार हातातली बॅटरी फिरवत गेली. भिंतीत कप्प्यांवर कप्पे, त्यांत सतराशे वर्षांपूर्वी माणसे ठेवलेली. चुन्यावर खरवडलेला मासा. खांद्यावर मेंढरू घेतलेला धनगर. एक कप्पा जेमतेम हातभर लांबीचा होता. तिथे तिने उजेड स्थिर धरला. तक्रारदारांच्याच सौ. सरलावहिनींनी पायातले काढले, मग एकेक करून सगळ्यांनी. विमानभर इंजिनांवर बोलत आलेले सभासद श्री. शैलेंद्रसुद्धा गप्प होते. वर येऊन दहा वाजल्यावर अर्जदाराने विचारले, "कुणाला काही समजून घ्यायचंय?" श्री. श्रीराम म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? पाहून झालं!"

महोदय, पाहून झाले, हेच तर अर्जदाराचे म्हणणे आहे.

४. आपले पत्र म्हणते, नेम सोडा नाहीतर पद सोडा. अर्जदाराचा आवाज लहान आहे, म्हणून तिचे म्हणणेही लहान असेल असे समितीने धरू नये. ज्यांनी आपला नेम सोडण्यापेक्षा जीव सोडला त्यांच्या थडग्यांपाशी लोकांना न्यायचे, आणि नेणारीला म्हणायचे, तुमचा नेम तेवढा घरी ठेवून या? नेम सुटणार नाही. पदाचा राजीनामाही मिळणार नाही. काढायचेच तर सर्वसाधारण सभेत, तिच्या समोर काढावे, आणि सभा दहानंतर घ्यावी.

५. यावर कडी म्हणजे त्याच पत्रात समिती लिहिते, "आपली माहिती कॅसेटवर भरून द्यावी, म्हणजे पुढच्या ग्रुपला भुयारात सकाळी ऐकवता येईल." सोबत कोरी कॅसेट! म्हणजे आवाज तिचा हवा, ती नको. वसुधा म्हणाली, "आई, डोंट यू डेअर!" पण मंडळाचा शब्द मोडण्याची अर्जदारास सवय नाही. काम सकाळचे, म्हणून तिने कॅसेट सकाळीच भरली.

६. तरी येत्या मेच्या सहलीस अर्जदारास मार्गदर्शक म्हणून कायम ठेवावे. भुयारे अकराला ठेवावीत, किंवा नवाला ठेवून गप्प पाहावीत. यांपैकी काहीही तिला चालेल. तिसरे चालणार नाही.

मंडळाच्या आधी नेमाला बांधलेली,
आपली नम्र,
सुनेत्रा जयवंत खानोलकर
ट्रॉय, दि. ११ जानेवारी १९८७

सोबत :
१. नेमाबद्दल श्री. गिरीश यांना दिलेल्या पत्राची प्रत.
२. समितीची कॅसेट, नव्वद मिनिटांची. रेकॉर्डिंग दि. १० रोजी, सकाळी आठ ते साडेनऊ, अर्जदाराने स्वतः केले. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकाव्यात.