होडीत कुणाला बांधायचं नाही

४ जानेवारी १९८७, रविवार. सौंसर.
तलावावर दुसरा दिवस. आमच्या अपंग मंडळाची शिडाची होडी एकच. काकाजींनी स्वतः बांधलेली. नेव्हीतून रिटायर होऊन गावी आले, तेच शिकवतात. आज नुसते नियम. जॅकेटाशिवाय काठ सोडायचा नाही. पायाला आधाराचं लोखंडी कॅलिपर काठावर काढून ठेवायचं. होडीत उभं राहायचं नाही.
घरून परवानगी अर्धीच. बाबूजी म्हणाले, "बी.ए. झाली, मास्तरीण हो. डोंगा हाकून का करतं?" माय म्हणाली, "मी संगं जाईन. मले भेव वाटलं तं त्याच दिवशी बंद."
म्हणजे सगळं मायच्या हाती.

११ जाने., र.
माय आली, सगळ्यांसाठी घरची संत्री घेऊन. मी होडीत बसताच तिनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली, माझ्या कमरेला गुंडाळली, बसायच्या पाटाला गाठ मारली. पोलिओनंतर बैलबंडीत मला अशीच बांधायची, दचक्यानं पडू नये म्हणून. मलाही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.
"बाई, सोडा ते," काकाजी म्हणाले.
"पडन नं जी थे!"
"पडू द्या. जॅकेट वर आणते."
माय ऐकेना. मग त्यांनी मला उतरवलं. संत्र्यांची दोन बोचकी केली, दोन्हींना जॅकेट घातलं. एक मायकडूनच पाटाला बांधून घेतलं, दुसरं मोकळं ठेवलं. कमरेएवढ्या पाण्यात होडी उलटी केली.
मोकळं लगेच वर आलं. बांधलेलं होडीखालीच.
मंडळातल्या दिगांबरला दिसत नाही. तो विचारतोय, "काय झालं? सांगा नं कोणी!" माय लुगड्यासकट पाण्यात उतरली. गाठ ओली, सुटेना.
बसमध्ये माय ओलं लुगडं पिळत राहिली. वाटलं, संपलं.

१४ जाने. संक्रांत.
तीळ भाजता भाजता माय म्हणाली, "त्या बोचक्याच्या जागी..." मग कढईतले तीळ हलवू लागली.

१८ जाने.
सकाळी माय माझ्याआधी तयार!
आज मुद्दाम उलटायचं. पाणी थंडगार. एकदम अंधार, नाकात पाणी, आणि मग ऊन. आपोआप वर! होडीची कड धरून राहायचं, पोहत लांब जायचं नाही, हा नियम. तशीच राहिले. दिगांबर शेजारी वर आला, "न्हाणीपरीस हेच बरं हाये व ताई." काठावर माय ओरडतेय, "दिसली! दिसली व माय!"
हसू की रडू. घरी येऊन गाढ झोपले.

२५ जाने.
सुकाणू माझ्याकडे, काकाजी पुढे. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली. अशा वेळी शिडाची दोरी सोडायची, हे पाठ आहे. तरी मी आणखी घट्ट धरली. जन्मभर भिंत नाही तर कुणाचा खांदा धरून चालले. धरलं की वाचतो, एवढंच अंगाला ठाऊक.
काठावरून माय: "सोड व पोरी! सोड!"
सोडली. शीड फडफडलं, होडी सरळ.
काकाजी म्हणाले, "आता तुही मायच शिकवते. मी चाललो घरी."

१ फेब्रु., र.
पुढल्या रविवारी मी एकटीनं होडी न्यायची, असं काकाजी म्हणतात. त्यांनी मायला विचारलं, "काय म्हणता बाई?"
ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली. मग हळूच,
"माह्या मापाचं जॅकेट हाये का जी तुमच्यापाशी?"
काकाजी शोधून राहिले आहेत. तिला पोहता येत नाही. बाबूजींना अजून यातलं काहीच माहीत नाही...