चौकटीवरची रेघ

प्रिय ताई,

बाबांच्या घराचं संग्रहालय झालं, फक्त त्यांच्याच चित्रांचं. परवा उद्घाटन होतं. भाषणात 'चित्रकारांच्या दोन्ही मुलींचे आभार' मानले. दोन्ही म्हणे! होतो तर आपण तिघी.

रात्री फोनवर तू एवढंच विचारलंस, "चौकटीवरच्या रेघा आहेत ना गं?" मी 'हो' म्हणाले.

नाहीत, ताई.

बाबा दर दोन वर्षांनी सगळं घर रंगवायचे, पण आपल्या खोलीच्या दाराची ती चौकट तेवढी सोडायचे. वाढदिवसाला आपल्याला तिथे उभं करून पेन्सिलीने उंची मांडायचे. छोटी गेली आणि तिची रेघ पाचव्या वर्षावरच थांबली. पुढे त्यांनी शेकडो चित्रं काढली, तिचं एकही नाही. ती रेघ म्हणजेच तिचं चित्र.

संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं होतं, "खोली साफ करून घेऊ ना?" मी घाईत होते. "घ्या की," म्हटलं आणि सही ठोकली. त्यांनी चौकट घासून लख्ख केली. त्यांना तो मळ वाटला, त्यांचा काय दोष?

आज तिकीट काढून आत गेले. पर्समधून पेन्सिल काढली, चौकटीशी उभी राहिले आणि हात तिथेच अडला. छोटीची रेघ माझ्या कमरेशी यायची की कोपराशी? इतकी वर्षं येता-जाता पाहिली, पण काही केल्या आठवेना.

तुला नक्की आठवत असेल. पण विचारायला हे पत्र पाठवलं, तर माझं 'हो' खोटं पडेल.

तुझी,
मधली