मागच्या सीटला धक्का बसू नये म्हणून

५ फेब्रुवारी, रविवार

आज दादाला हॉस्पिटलातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवण्यात अर्थ नाही, घरी न्या. म्हणजे त्यांच्याकडचं काम संपलं. पथ्य विचारलं तर म्हणाले, मागतील ते द्या. साधं पथ्यसुद्धा नाही. याहून चांगली बातमी काय असणार? जिना उतरताना वहिनीला तसं म्हणालोही. तिने पर्समधून गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. जिन्यात ऊन नव्हतं.

जीपमधूनच आणलं. जीप दादाचीच. जमीनमोजणीच्या नोकरीत त्याने जन्मभर असल्या गाड्या कच्च्या रस्त्यांवर हाणल्या आणि रिटायर झाल्यावर हौसेने एक जुनी विकत घेतली. पाठ दुखायला लागली तेव्हा माझ्या हवाली केली. आज गल्लीच्या तोंडाशी मागचं चाक खड्ड्यात आपटलं आणि दादाने ओठ दाताखाली धरला.  मग म्हणाला, धाकट्या, एकदा पठारावर ने मला. तिथून खाली नदीचं वळण दिसतं, ते बघायचंय.

मी म्हणालो, नेतो की.

पण या धक्क्यांत नाही. पठाराचा रस्ता म्हणजे नुसते दगड. ठरलं: जीपचं मागचं सस्पेन्शन बदलायचं. घरी, स्वतः.

८ फेब्रुवारी

किट मागवला. मागचे दोन स्प्रिंगचे पाटे, दोन शॉकअप, रबरी बुश, बोल्ट, सगळं एका खोक्यात. व्हिडिओतला दाढीवाला हे काम हसतखेळत एका दिवसात करतो, मध्ये कॉफीही पितो. मी कॉफी पीत नाही, तेवढा वेळ वाचेल.

बायको म्हणाली, गॅरेजमध्ये द्या. मी म्हणालो, दादाच्या गाडीला परका हात लागायला नको. ती म्हणाली, मिक्सरला तुमचाच हात लागला होता, तेव्हापासून मी खलबत्त्यात कुटतेय. मिक्सरचा आणि याचा संबंध नाही. मिक्सर विजेचा होता.

१८ फेब्रुवारी, शनिवार

किट आला. पाटे इतके जड की डिलिव्हरीवाल्याने ते दारात ठेवले नाहीत, टाकले. फरशीचा टवका उडाला. माल दणकट आहे.

गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, मागची चाकं काढली. इथवर दाढीवाल्याच्या पुढे होतो. मग पहिला नट. गंजून बोल्टशी एकजीव झालेला. पाना लावला, पान्यावर पाइप चढवला, पाइपावर मी. नट हलला नाही, गाडी हलली. बाहेर आलो.

गंजाचा स्प्रे मारून ठेवला. स्प्रेला मुरू द्यावं लागतं. आजचं काम मुरवण्याचं होतं, ते झालं.

दादाचं घर मागच्याच गल्लीत. सांगायला गेलो. त्याने विचारलं, कुठला नट? सांगितल्यावर हसला. म्हणाला, तो मलाही कधी सुटला नाही.

१९ फेब्रुवारी

स्प्रे मुरतोय.

२५ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसातून दोन दिवस रजा टाकली होती, त्यातला एक पाना आणण्यात गेला आणि एक बोटाला पट्टी बांधण्यात. पण आज नट सुटला. म्हणजे तुटला. तुटणं हाही सुटण्याचाच प्रकार आहे.

डावीकडचा जुना पाटा खाली आला. मी त्याला धरलं होतं की त्याने मला, हे सांगणं कठीण आहे. पायावर पडला नाही.

दादाची झोप वाढलीय. वहिनी म्हणते, नवीन औषधाने येते. झोप हे उत्तम औषध, मी तिला सांगितलं. माणूस झोपेतच भरून येतो. ती म्हणाली, भाऊजी, जायचं तर लवकर जाऊन येऊ या. एखादी मऊ टॅक्सी करू. मी हसलो. टॅक्सी त्या रस्त्याला पहिल्या चढावरच हात टेकेल. शिवाय माझं आता थोडंच राहिलंय.

२६ फेब्रुवारी

उजवीकडचाही उतरवला. आता मागे एकही जुना पाटा नाही. काम निम्मं झालं असं म्हणायला हरकत नाही. बायकोने दारातून पाहिलं आणि म्हणाली, मला तर गाडीच निम्मी झालेली दिसते.

५ मार्च, रविवार

सकाळी दादाचाच फोन. आवाज मोकळा, पूर्वीसारखा. म्हणाला, आज फार बरं वाटतंय. स्वतः उठून दाढी केली. वहिनी पराठे करून बरोबर घेणार. जाऊ या का आज?

मी जीपकडे पाहिलं. मागची चाकं भिंतीला टेकवलेली. मागचा ॲक्सल दोन स्टँडवर, नवे पाटे अजून प्लॅस्टिकमध्ये.

त्याला म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की. तेव्हा तर तू आणखी ठणठणीत असशील.

मग त्याच्याकडे गेलो. तो खुर्चीत बसला होता, निळा चौकड्यांचा शर्ट घालून. शर्ट दोन मापं मोठा वाटला. आजारात माणूस थोडा उतरतो, नंतर भरून येतो. वहिनी म्हणाली, मी आत्ताच्या आत्ता टॅक्सी बोलावते, रस्ता असेल तिथवर जाऊ आणि परत फिरू. तिचा आवाज चढला होता. मी तिला समजावलं की अर्धवट जाण्यात मजा नाही, आणि एकदा का धक्का बसून पाठ धरली तर मिळवलेलं सगळं जाईल. दादा म्हणाला, राहू दे. त्याला करू दे.

दादाला कामाची किंमत कळते.

पराठे आम्ही तिथेच खाल्ले. दादाने एक तुकडा घेतला. दुपारी आडवा झाला तो शर्ट न काढताच.

११ मार्च, शनिवार

दोन्ही नवे पाटे बसले. सही फिट. चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, चार पावलं लांब जाऊन बघितलं. मागून गाडी रुबाबदार दिसते. हा फोटो दादाला दाखवायचा.

संध्याकाळी: फोटो दादानेच मोठा करून पाहिला. बराच वेळ. मग बोट ठेवून म्हणाला, डावं चाक पुढे का आहे रे?

घरी येऊन मोजलं. डावं चाक उजव्यापेक्षा चांगलं चार बोटं पुढे. पाट्याची एक बाजू आखूड असते आणि एक लांब. मी डावा पाटा उलटा लावलाय.

तशी चूक सोपी आहे. फक्त सगळं परत खोलायचंय.

१२ मार्च, रविवार

खोलतोय. पठार पुढच्या आठवड्यावर. दादाकडे जाऊन तसं सांगितलं. तो डोळे मिटून होता. ऐकलं असावं.

१५ मार्च

दादा आज माझ्याशी बोलला नाही, पण हात धरून ठेवला. पकड मजबूत वाटली. बायकोला तसं सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही? मी विचारलं, काय? ती म्हणाली, जाऊ दे. आणि परत चिरायला लागली.

रविवारी शॉकअप बसले की काम संपलंच. मागे दोन जाड गाद्या टाकायच्या, उशा लावायच्या. बाजूच्या कपाटातली जाड दुलई बघून ठेवलीय. धक्का म्हणून लागणार नाही.

१९ मार्च, रविवार

डावा शॉकअप बसला. उजवा उरला. बुशमध्ये बोल्ट जात नाही, साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. उद्यापासून ऑफिसला जाण्याआधी रोज तासभर बसायचं असं ठरवलंय.

२२ मार्च, बुधवार

दादा सकाळी गेला.

मी जीपखाली होतो. उजव्या शॉकअपचा बोल्ट एकदाचा आत सरकला होता आणि मी तसं मोठ्याने म्हणालोही होतो. मग बायकोच्या चपला दिसल्या, गाडीच्या कडेपाशी. त्या तिथेच थांबल्या. ती म्हणाली, बाहेर या. मी म्हणालो, एक मिनिट, नट लावतो. ती म्हणाली, बाहेर या हो.

मी नट लावला आणि मग बाहेर आलो.

३० मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. ऑफिसला गेलो. सगळे हळू आवाजात बोलत होते. साहेबांनी विचारलं, मोठे होते का? मी हो म्हणालो.

२ एप्रिल, रविवार

वहिनी आली होती. दादाचे कपडे घेऊन. तुम्हाला होतील ते ठेवा म्हणाली. निळा चौकड्यांचा शर्ट त्यात नव्हता.

चहा झाल्यावर बाहेर येऊन जीपकडे बघत उभी राहिली. म्हणाली, त्या रविवारी मी फार चिडले होते तुमच्यावर. तुम्ही गेल्यावर यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमचा भाऊ त्या गाडीखालून निघायलाच तयार नाही. तर हे म्हणाले, तो गाडीखाली आहे तोवर ठीक आहे. बाहेर आला की त्याचं कसं होणार, ते बघ.

मी म्हणालो, उजव्या बाजूचा एकच नट आवळायचा राहिलाय.

ती म्हणाली, मग आवळा.

ती गेल्यावर पाना घेऊन गाडीखाली शिरलो. बराच वेळ आवळला नाही. खाली गार असतं. कोणाला दिसत नाही.

९ एप्रिल, रविवार

काम पूर्ण. बायकोने येऊन दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं आणि म्हणाली, चाकं सरळ आहेत. लग्नापासून तिने माझ्या कुठल्याही दुरुस्तीला इतकं चांगलं म्हटलेलं नाही. जुने पाटे, जुने शॉकअप भंगारवाल्याला देऊन टाकले. अंगण एकदम मोठं झालं.

वहिनीला फोन केला. म्हणालो, पुढच्या रविवारी पठारावर जायचं का?  ती म्हणाली, जाऊ.

१६ एप्रिल, रविवार

गेलो. वहिनी मागे बसली. पुढे ये म्हणालो तर नको म्हणाली, यांना जिथे बसवणार होतात तिथेच बसते. गाद्या टाकल्या नव्हत्या. त्यांची गरज पडणार नाही याची मला खात्री होती.

डांबरी रस्त्यावर गाडी झकास. कच्चा सुरू झाला आणि पहिल्याच दगडावर मागून ठाण् करून आवाज आला. मला वाटलं काही तुटलं. तुटलं नव्हतं. पाटे कडक आहेत, इतकंच. हा किट ओझं वाहणाऱ्या गाड्यांसाठी असतो. मागे चार माणसं आणि सामान असेल तर तो दबतो, नाहीतर गाडी चेंडूसारखी उडते. खोक्यावर तसं छापलेलंही होतं, दणकट असं वाचून मी पुढचं वाचलं नव्हतं. आरशात बघत होतो. वहिनी दर दगडाला सीटवरून वर उचलली जात होती आणि परत आपटत होती. एका हाताने टपाचा दांडा, एका हाताने सीटची कड. जुन्या पाट्यांवर दादाने ओठ दाताखाली धरला होता. यांच्यावर मी त्याचे काय हाल केले असते.

पठारावर पोचलो. वारा होता. नदीचं वळण दिसतं, दादा म्हणायचा तसं, पण पाणी आटलंय, वाळूच दिसते. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.  थोड्या वेळाने तिने डोळ्यांवर गॉगल घातला. मीही दुसरीकडे तोंड केलं आणि मग मला थांबवता येईना. ती जवळ आली नाही, लांबही गेली नाही.

निघताना ती परत मागेच चढली. म्हणाली, भाऊजी, रागावू नका, पण मागे फार आपटतं हो.

मी म्हणालो, नवीन आहे अजून. हळूहळू बसेल.

ती बरं म्हणाली आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.