बारा बाटल्या

प्रिय ठमाबाई,

या पत्रासोबत एक खोकं आलं असेल. ते उघडायच्या आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मधल्या ओळी गाळू नकोस. फोन केला नाही असं नाही. काल तीनदा केला आणि तिन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवला. तूही तिन्ही वेळा हो म्हणालीस, त्यातलं एक तरी खोटं असणार.

इकडे सगळं झकास. तुझ्या पाण्याच्या अभ्यासासाठी गुडघ्यांचे आणि मणक्याचे एक्स-रे काढल्यापासून बाबांची ऐट बघवत नाही. खुर्चीतून उठायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, पण आता कण्हत नाहीत. संशोधन उठतंय, बाजूला व्हा, म्हणतात. आपल्या लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाण्यात फ्लोराइड जास्त झालं की ते आधी दात आणि मग हाडं कशी धरतं, हे समजावत बसतात. परवा एकाचा कोट इस्त्री होऊन गारही झाला, तरी बिचाऱ्याची सुटका होईना.

कपाट आवरताना तुझा चौथीतला वर्गाचा फोटो सापडला. बाकीची पोरं बत्तिशी दाखवतायत आणि तू ओठ घट्ट मिटून उभी. तेव्हा मला वाटायचं, पोरगी आळशी, दात नीट घासत नाही. माझा जन्म गेला लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात, आणि माझ्याच लेकीच्या दातांवर तपकिरी डाग! रोज सकाळी तुझी मान काखेत धरून मीच घासायचे. तू रडायचीस, हिरड्यांतून रक्त यायचं, डाग मात्र तिथल्या तिथे. पुढे शिकून तूच सांगितलंस की तो मळ नव्हताच. दात तयार होत होते तेव्हाच बोअरच्या पाण्याने ते आतून डागाळले होते. तू हसत सांगितलंस. मी मागच्या खोलीत जाऊन रडले गं. आजवर बोलले नव्हते, आता बोलते.

सोमवारी तुझा अहवाल जाणार, हे इथे पोराटोरांनाही पाठ आहे. ही बोअर बंद होऊन गल्लीला दुसरं पाणी मिळावं म्हणून तीन वर्षं राबलीस. पाणी खात्याचे साहेब खोड काढायला टपलेत, एक आकडा चुकीचा सापडला तर सगळा अभ्यास केराच्या टोपलीत टाकतील, हे तूच म्हणाली होतीस. आणि मंगळवारी फोनवर केवढी चकित झाली होतीस! गल्लीतल्या बारा घरांच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे आकडे गेल्या वर्षीच्या चौपट आले म्हणून. तुमची नमुने गोळा करणारी बाई रजेवर होती, म्हणून त्या बारा बाटल्या मीच भरून दिल्या होत्या. तू माझं कौतुक केलंस आणि मी ते निमूटपणे घेतलं. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, एवढं मात्र खरं मान.

तर ऐक. बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या, बाकी काही करायचं नाही, असं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. पण बाटल्यांच्या तळाशी मला पांढुरका डाग दिसला. लेकीच्या प्रयोगशाळेत असल्या कळकट बाटल्या पाठवायला जीव धजेना. मी ब्रश घेतला आणि बाराही बाटल्या आतून लख्ख घासल्या. टूथपेस्टने. तिच्यात फ्लोराइड असल्याचं नळीवर ठळक छापलंय, ते मला बुधवारी तोंडात फेस असताना दिसलं. तशीच चूळ न भरता बाबांकडे धावले. ते इतके हसले की चक्क एका झटक्यात उठून उभे राहिले. मग तू जास्तीच्या पाठवलेल्या कोऱ्या बाटल्या घेऊन मी बाराही घरी गेले, आपला पराक्रम सांगितला आणि पाणी पुन्हा भरून आणलं. खोक्यात त्याच आहेत, न घासलेल्या. जुने आकडे खोडून टाक. नवे कमी येतील, पण कोणी बोट ठेवणार नाही. आणि सोमवारी अहवाल देताना फोटो काढतील तेव्हा तोंड उघडून हस, बाळा. दात आहेत तसे दिसू देत. मी घासणं सोडलंय.

तुझीच, डागांपुढे हात टेकलेली,
आई