जहाजाला ब्रेक नसतो

सिंदेवाही तालुका, ता. ६ नोव्हेंबर २०२४

चि. रंजीतास, बाबाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. असे की, फोनवर बोलायला लागलो की तुझं जहाज रेंजबाहेर जातं आणि माझा आवाज वाढतो. म्हणून लिहून, त्याचा फोटो काढून पाठवतो आहे. तिकडे इंटरनेट मिळेल तेव्हा वाच, आणि वाचताना हसू नको.

धान कापणीला आला आहे, पण माझं लक्ष त्यात नाही असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. खरंच नाही. यंदाच्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामासाठी माझं नवं तीन अंकी नाटक वडशाच्या नाटकमंडळीनं घेतलं. नाव 'सागरा, लेक परत दे'. नायिका रजनी ही एका मोठ्या मालवाहू जहाजाची कॅप्टन आहे. नागपूरची चंचल ती भूमिका करते. ही रजनी कोण ते तुला सांगायला नको. नाटकाच्या पानांचे फोटोही सोबत जोडले आहेत.

दुसऱ्या अंकात तुफान सुटतं आणि समोर कोळ्यांची होडी येते. रजनी ओरडते, "ब्रेक मारा!" जहाज जागच्या जागी थांबतं, होडी वाचते, मग गाणं. पण सुकाणूवाल्याचं काम करणारा प्रफुल अडून बसला आहे. जहाजाला ब्रेक असतो का ते आधी ताईला विचारा म्हणतो. तू चीफ ऑफिसर आहेस, तर असतो की नाही ते एका ओळीत सांग. व्याख्यान नको.

कंपनी तुला कॅप्टन करते आहे आणि जानेवारीअखेर होकार की नकार ते कळवायचं आहे, हे आईला सांगितलं. तिनं ऐकलं आणि तांदूळ निवडायला बसली. तेव्हापासून विषय काढला की उठून जाते. चार-चार दिवस पोरीचा निरोप नसतो, आता पुरे झालं, जहाज सोडून घरी ये, लग्नाचं बघू, एवढंच तिचं चालू आहे. मी मध्ये सापडलो आहे.

तब्येतीला जप, आणि बाबाला अडाणी समजत असलीस तरी लोभ कमी करू नको.

तुझा बाबा,
हेमराज


हिंदी महासागरातून, ता. १९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि. तुम्ही एक ओळ मागितलीत: जहाजाला ब्रेक नसतो. आता व्याख्यान, कारण पत्र वाचून मी डोक्याला हात लावला आहे.

माझं जहाज सव्वादोनशे मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या घरापासून पार शाळेच्या पुढपर्यंत. पोटात हजारो टन कोळसा. भर वेगात असताना इंजिन उलटं फिरवलं तरी थांबेपर्यंत तीन-चार किलोमीटर जातात. तुमच्या कोळ्यांची होडी तोवर तळाला जाईल. रजनीनं ती होडी लांबूनच बघायला हवी आणि वळायला हवं. मोठं जहाज हाकणं म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनंतर काय होईल ते आत्ता ठरवणं.

दुसरं. रजनी म्हणते, "इंजिन बंद करा आणि डावीकडे वळा." बाबा, मागचा पंखा पाणी सुकाणूवर फेकतो तेव्हा सुकाणू काम करतं. पंखा थांबवला तर प्रफुलनं चाक कितीही फिरवलं तरी जहाज त्याचं ऐकणार नाही. मंद वेगात वळवायचं असेल तर सुकाणू पूर्ण फिरवून इंजिनाला पुढचा छोटा झटका द्यायचा, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वळायला लागली की लगेच बंद. वेग वाढत नाही आणि जहाज वळतं.

तिसरं. जहाज बैलगाडीसारखं पुढून वळत नाही. नाळ आत येते आणि मागची बाजू भलतीकडे बाहेर फेकली जाते. तुमची रजनी खडकाशेजारून वळताना नाळेवर उभी राहून गाते. मागे काय आपटतंय ते कोण बघणार? आणि हो, वादळात नाळेवर कोणी गात नाही.

तिसऱ्या अंकाची पानं मिळालीच नाहीत. शेवट काय आहे? आईला सांगा की मी जेवते. आणि माझ्यावर रागवायचं असेल तर तिनं फोनवर रागवावं, गप्प राहू नये.

माया असू द्या, ब्रेक मात्र काढून टाका.

तुमची,
रंजीता


सिंदेवाही तालुका, ता. ३ डिसेंबर २०२४

चि. रंजीतास बाबाचे आशीर्वाद, जरा रागातले.

ब्रेक काढला. त्या जागी "इंजिन उलटं" घातलं. पण जहाज थांबायला वीस मिनिटं लावली तर मंडपातली माणसं चहाला जातील आणि परत येणार नाहीत. मी चाळीस वर्षं या रंगमंचावर आहे. लोक रडायला येतात, हिशेब शिकायला नाही. गाणं ठेवलं आहे. तू नाराज झालीस तरी चालेल, चंचल नाराज झाली तर तारखा जातील.

आमच्या नेपथ्यवाल्या पोचूनं स्टेजसाठी जहाज बनवलं. तू बघशील तर थक्क होशील. लोखंडी सांगाडा, वरून पत्रा, निळा-लाल रंग, खाली जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीची चाकं. आठ माणसं ढकलतात तेव्हा स्टेजवर येतं. अख्ख्या झाडीपट्टीत एवढं मोठं जहाज कोणी उभं केलं नाही.

शेवटाबद्दल विचारलंस. शेवटी रजनी कॅप्टनची टोपी समुद्रात फेकते, "आता मी घरीच राहीन" म्हणते आणि आईच्या गळ्यात पडते. पडदा. पोस्टर छापून झाली आहेत, नावच तसं आहे, तेव्हा शेवट बदलता येणार नाही. हे तुला उद्देशून नाही. नाटक आहे.

लोभाची कमतरता नाही, हे ध्यानात असू दे.

बाबा


बंदराबाहेर नांगर टाकून, ता. १५ डिसेंबर २०२४

ती. बाबांना नमस्कार. साष्टांग या वेळी घालत नाही.

म्हणे तुला उद्देशून नाही! माझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलायला तुमची जीभ रेटली नाही, आणि तीच गोष्ट तुम्ही हजार माणसांपुढे चंचलच्या तोंडून सांगणार. हंगाम संपेपर्यंत गावोगावी मी टोपी फेकत राहणार. मग कंपनीला मी काय कळवायचं, पोस्टर छापून झालंय म्हणून?

नीट ऐका. मला हो म्हणायचं आहे. यासाठी मी बारा वर्षं घासली. पण आईच्या मनाविरुद्ध हो म्हणून त्या खुर्चीत मला बसता येणार नाही, हेही खरं. तुम्ही तिला समजवाल अशी आशा होती. तुम्ही तिच्यासाठी नाटक लिहिलंत.

गेल्या आठवड्यात आमच्या कॅप्टनसाहेबांनी धक्क्याला जहाज लावायचं काम पहिल्यांदा माझ्या हाती दिलं. ते मागे उभे, शेजारी बंदराचा वाटाड्या, त्याला पायलट म्हणतात. मी तिरकी आले, डावी बाजू धक्क्याकडे. आमच्या जहाजाचं इंजिन उलटं घेतलं की नाळ आपोआप उजवीकडे सरकते, मग अंग धक्क्याला समांतर होतं. दोन टग बोटी बाहेरून हळू रेटत होत्या. शेवटची हातभर जागा इतकी सावकाश गेली की मला माझाच श्वास ऐकू येत होता. धक्क्याला टेकलो तेव्हा चहाचा पेलाही डचमळला नाही. मला रडू आलं. हे तुम्हाला आनंदानं सांगायचं होतं, चिडून सांगते आहे.

आणि पोचूच्या जहाजाला चाकं आहेत, ठीक. आठ माणसं ढकलतात, ठीक. थांबवणार कोण? मागे दोर बांधा, थोडी माणसं मागे ओढायला ठेवा आणि स्टेजच्या मध्यावर यायच्या पुष्कळ आधी ओढायला लावा. हे तरी ऐका.

राग आहे, पण लोभही आहेच.

रंजीता


सिंदेवाही तालुका, ता. ४ जानेवारी २०२५

चि. रंजीतास बाबाचा आशीर्वाद. वि. वि. हे पत्र कोणाला दाखवू नको.

पहिला प्रयोग कुरखेड्याकडे झाला. दोर बांधला नाही. पोचू म्हणाला, "काऊन जी, ट्रॉली आम्ही रोज थांबवून राह्यलो नं." आठही जण जोशात ढकलत आले. चंचल "इंजिन उलटं!" म्हणाली, सगळ्यांनी हात सोडले आणि जहाज तसंच पुढे गेलं. पलीकडचा पडदा नेला, विंगेतली खुर्ची नेली, ऑर्गनवाला पेटी सोडून पळाला. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पब्लिकनं वन्समोअर दिला. मी पहिल्यांदाच वन्समोअर नाकारला.

पण खरी पंचाईत पुढे. तिसऱ्या अंकात रजनीनं टोपी फेकली, आईच्या गळ्यात पडली, मी विंगेतून बायकांच्या बाजूला बघत होतो. पदर डोळ्याला लागायला हवे होते. एकही लागला नाही. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मंग जहाज कोनं नेलं जी?" मागून हशा. पुढच्या गावी तेच, त्याच्या पुढेही तेच. आता सिंदेवाहीच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो तरी लोक विचारतात, हेमराजभाऊ, जहाज कोनं नेलं? मी काय सांगू? वादळात, कोळसा भरलेलं, खलाशांसकट जहाज मी समुद्राच्या मध्यात सोडून दिलं आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. मला फक्त तुला घरी आणायचं होतं.

खरं ते लिहितो. आईचं नाव पुढे करतो, पण भीती मलाही वाटते. निरोप आला नाही की मी गोठ्यात जाऊन बसतो.

अठरा तारखेला आपल्याच गावात प्रयोग आहे. शेवट बदलतो. रजनी आधी जहाज धक्क्याला लावेल, मग काय ते बघू. तुझ्या पत्रातलं मला नीट समजलं नाही. कोण काय बोलतं, कोणत्या क्रमानं, ते लिही. लवकर लिही.

तुझ्या रागालाही मी लोभच समजतो.

बाबा


समुद्रातून, ता. ९ जानेवारी २०२५

ती. बाबांना शि. सा. न. (या वेळी साष्टांगच.)

गोठ्यातलं वाचून पत्र तसंच ठेवलं, ड्युटीवर गेले, परत येऊन पुन्हा वाचलं. मलाही घरची आठवण येते. पण आठवण येते म्हणून जहाज सोडावंसं वाटत नाही, एवढंच.

आता काम. चंचलला सांगा, ओरडायचं नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कोणी ओरडत नाही. हुकूम छोटे आणि हळू: "इंजिन अगदी मंद पुढे." सुकाणूवाला तेच पुन्हा म्हणतो, मगच करतो, म्हणजे ऐकण्यात चूक नाही. "बंद." "सुकाणू मधे." नाळ हवी तिथे पोचायच्या आधीच तिला उलट सुकाणूनं रोखायची, नाहीतर ती वळतच राहते. पाणी उथळ झालं की वेग कमी, कारण वेगात जहाज खाली बसतं आणि तळाला घासतं. "इंजिन मंद उलटं." "टगला सांग, हळू रेट." मग वाट बघायची. ती वाट बघणं कापू नका. लोक चहाला गेले तर जाऊ द्या.

गाणं नको. बाबा, खरंच नको.

कंपनीला अजून काही कळवलेलं नाही.

आईला माझा नमस्कार, घेतला तर.

रंजीता


सिंदेवाही तालुका, ता. २० जानेवारी २०२५

रंजी बाईस, आईचे आशीर्वाद. सातवीनंतर आज एवढं लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नको. तुझे बाबा लिहिणार होते, पण ते लिहितील त्यात गाणं असेल, म्हणून मीच घेतलं.

नाटकवाले गावात आले की त्या सगळ्यांचा स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडतो. भाजी, वडे, चहा, पुन्हा चहा. मग नाटक बघायची हौस कोणाला राहते? लग्न झाल्यापासून मी यांचं एकही नाटक पुरतं पाहिलं नाही. परवा शेजारची कमळा हात धरून घेऊन गेली. पीठ लागलेल्या हातानंच गेली.

पहिले दोन अंक नेहमीचेच, रडारड. तिसऱ्यात ते लोखंडाचं धूड आलं. चार जण ढकलत होते, चार जण मागे दोर ताणून होते. आणि ती चंचल हळूच बोलायला लागली. इंजिन मंद. तो पोरगा म्हणे, इंजिन मंद. बंद. तो म्हणे, बंद. मग कोणी काही बोलेना. जहाज मुंगीच्या पावलानं सरकत होतं. मला वाटलं, लोक आता उठतील. मंडपात कोणी हललं नाही.

मी तुला नेहमी लाटेत एकटी बघत होते गं. फोन लागला नाही की तू ओरडते आहेस आणि कोणाला ऐकू जात नाही, असंच डोळ्यापुढे येई. तिथे तर आजूबाजूला माणसं असतात, आणि ती तुझं ऐकतात. हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नाही. तूही नाही. तुम्ही बापलेक एकमेकांना सुकाणू शिकवत बसलात.

कमळा माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "किती हळू बोलते वं हे. कोनी आयकत असन का हिचं?"

मी म्हणाली, "आयकतेत. ते माही पोरगी होय."

जहाज धक्क्याला टेकलं तेव्हा लोक उभे राहिले. पुढे टोपी फेकली की नाही ते मी पाहिलं नाही, चहा ठेवायला घरी आली. चुलीपाशी बसल्यावर मात्र मला हसू आलं आणि रडूही आलं. पस्तीस वर्षांत माझ्या सांगण्यावरून तुझ्या बाबांनी रिकामा कप जागचा हलवला नाही. माझ्या लेकीच्या एका शब्दावर एवढं मोठं जहाज हलतं.

कंपनीला हो म्हणून कळव.

तुझी आई,
गुणाबाई