ठमीचं कोडं

४ मार्च

चि. ठमी हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर लावत लावत माझं मीच वाचलं, दुपार त्यातच गेली. जगात मोजक्यांनाच येणारी ती संगणकाची भाषा घेऊन तू कंपनी थाटलीस. इस्पितळात कोणाला कुठलं औषध कधी द्यायचं, ते चुकू न देणारं काम घेतलंस. ते अवघड म्हणून हुशार पोरं कमी पगारातही धावत आली. सगळं समजलं, मी काही अगदीच ठोंबी नाही.

पण नोकरीआधी जे कोडं घालतेस, ते सोडवणाऱ्यांची नावं कंपनीच्या पानावर जगाला कशाला दाखवतेस? शहाणी म्हणवतेस ना? चांगलं माणूस मिळालं की गप बसावं, नाहीतर दुसरा कोणी उचलून नेतो.

जेवत जा. लोभ आहे तेवढाच आहे.

आजी

१९ ऑगस्ट

तीर्थरूप आजीस ठमीचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. एका मोठ्या कंपनीनं ती नावं वाचली आणि दुप्पट पगारावर एकेकाला उचललं. शेवटी एकच उरला होता, ज्याला आम्ही चष्मिस म्हणायचो तो. सर्वांत हुशार तोच. तोही गेला. तिकडे आपली भाषा कोणी वापरत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, घर चालवायला ती लागत नाही.

नवीन कोणी मिळेना. भाषा येणारे सगळे तिकडेच. इस्पितळानं काम काढून घेतलं. खुर्च्या विकल्या, जागा सोडली.

परवा मीच त्या कंपनीत मुलाखतीला गेले. समोर कागद ठेवला. त्यावर माझंच कोडं होतं. कुणाचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

तब्येत जप. माया कमी करू नकोस.

ठमी

१ सप्टेंबर

चि. ठमी हिस अ. उ. आ.

पास झालीस की नाही, ते लिहिलं नाहीस. म्हणजे झालीस.

मला धीर देता येत नाही, तेव्हा देत नाही. चष्मिस तिथे भेटेलच. त्याला टाकून बोलू नकोस, आता तूही तिथलीच.

त्या भाषेचं काय होईल म्हणून रडत असशील. माझ्या माहेरची बोली बोलणारी थोरली बहीण गेली, ती शेवटची. तेव्हापासून मी ती बोलले नाही. विसरले नाही गं. पण बोलू कोणाशी?

पगार झाला की चांगले जोडे घे. लोभ आहेच, वेगळा मागत नाही.

आजी